भाडे सरकार देणार, खोली कोण देणार? पंचवटीच्या उंबऱ्यावरचा एक जुना प्रश्न

पेठ आणि दिंडोरी या दोन्ही रस्त्यांनी नाशकात शिरणाऱ्याला आधी पंचवटी लागते. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांतून महाविद्यालयात शिकायला येणाऱ्या मुलांचा शहराशी पहिला परिचय होतो तो इथेच. दहावी-बारावीचे निकाल लागले की पेठ नाका, दिंडोरी नाका, अमृतधाम या भागांत खोली शोधणाऱ्या मुलांची वर्दळ सुरू होते. त्यांतल्या काहींच्या पाठीशी सरकार उभे असते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्याचा खर्च शासन देते.

तरीही दारावर विचारला जाणारा प्रश्न पैशांचा नसतो. तो असतो, ‘तुम्ही कोण?’ हा.

भाडे भरण्याची हमी सरकार देत असेल, तर घरमालकाने खोली का द्यावी आणि का देऊ नये? प्रश्न आजचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी किमान शंभर वर्षे मागे जावे लागते. आणि पंचवटीच्या बाबतीत तर त्याहूनही मागे.

पंचवटी हे परक्यांना घरात घेण्याचे जुने ठिकाण. रामकुंड, कपालेश्वर, सीता गुंफा, काळाराम मंदिर आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांमुळे गोदावरीच्या डाव्या तीरावरच्या या वस्तीत हजारो यात्रेकरू शतकानुशतके मुक्काम करत आले. त्यांची सोय करत ते तीर्थोपाध्ये. उपाध्यांच्या वाड्यात यजमान उतरे, क्षेत्रविधी करी, जेवे-झोपे आणि निघताना यथाशक्ती दक्षिणा ठेवी. त्याला भाडे म्हणण्याची पद्धत नव्हती.

मात्र या आतिथ्याला एक कणा होता, तो म्हणजे उपाध्यांची वही. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे, कोणत्या जातीचे कूळ कोणत्या उपाध्यांकडे उतरते, याच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी त्या वह्यांत असत. नव्याने आलेला माणूस आजोबांचे नाव सांगे, उपाध्ये वही उघडत, आणि क्षणात तो परका राहत नसे. ऐपत कमी असली तरी चाले. ओळख पटली नाही तर मात्र अडचण. पैसा दुय्यम आणि ओळख आधी, असा हा व्यवहार होता. ज्याला वहीत पानच नाही, त्याचे काय, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

हे उत्तर नसणे किती कठोर होते, याची सर्वांत स्पष्ट नोंद पंचवटीतली नाही. ती बडोद्यातली आहे.

साल १९१७. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोद्यात दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर त्यांचे परदेशातले शिक्षण झाले होते आणि करारानुसार त्यांना संस्थानची नोकरी करायची होती. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात नेमणूक ठरली. आजच्या भाषेत सांगायचे तर घरमालकाला याहून सुरक्षित भाडेकरू मिळणे कठीण. पगार संस्थानचा, शिक्षण उच्च, आणि खुद्द महाराजांचा पाठिंबा.

खोली मिळाली नाही.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत आंबेडकरांनी हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. हिंदू खानावळी-विश्रामगृहांत आपल्याला घेणार नाहीत हे ठाऊक असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती, आणि हा पाहुणा पारशी नाही हे तिथल्या रखवालदाराच्या लगेच लक्षात आले. तरी त्याने जागा दिली. कारण साधे होते. बरेच दिवस कोणी प्रवासी फिरकला नव्हता आणि चार पैसे मिळण्याची संधी त्याला सोडवेना. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, एवढ्या अटीवर सौदा ठरला.

या रखवालदाराकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते जायला हवे. त्याच्या मनात समतेचा विचार होता, असे मानायला काही आधार नाही; पण रिकामी खोली आणि हातात येणारे पैसे यांचे गणित त्याला नेमके कळत होते. भेदभावाच्या भिंतीला बाजार कधीकधी खिंडार पाडतो, ते असे.

आणि ते खिंडार किती लवकर बुजवले जाते, हेही त्याच प्रसंगात दिसते. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी धर्मशाळेत आले. रखवालदाराचे मत कोणी विचारलेच नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे खटपट केली होती, तिलाही यश आले नव्हते. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले.

शिष्यवृत्ती देणारे संस्थान, नोकरी देणारे संस्थान. पण त्याच संस्थानच्या राजधानीत छप्पर देण्याची ताकद मात्र शेजाऱ्यांच्या हातात. शासनाचा पैसा उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. उंबरा ओलांडायचा की नाही हे कोणी तिसराच ठरवतो.

तेरा वर्षांनी हाच उंबरा पंचवटीत अक्षरशः समोर आला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनेच्या बळावर हजारो माणसे मंदिराच्या दिशेने निघाली. दरवाजे बंद करण्यात आले. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. पुढे काही वर्षे हा लढा चालू राहिला आणि दरवाजे बंदच राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता.

मंदिराचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. त्याच्याभोवतीच्या गल्ल्यांचा विचार सहसा होत नाही. ज्या वस्तीत देवळाचा दरवाजा पाच वर्षे उघडला गेला नाही, तिथे अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या विद्यार्थ्याने बिऱ्हाडासाठी खोली मागितली असती तर काय झाले असते, हे समजायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

म्हणून त्या काळातल्या सुधारकांनी घरमालकाचे मन वळवण्याचा नाद सोडून दिला आणि त्याला व्यवहारातूनच वगळले. या उपायाचे नाव वसतिगृह, त्या वेळच्या बोलीत ‘बोर्डिंग’. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. नाशकात मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम १९१४ पासून सुरू झाले आणि उदाजी मराठा बोर्डिंगने खेड्यांतून येणाऱ्या मुलांची सोय केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली.

१९२८ मध्ये आंबेडकरांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. माध्यमिक शाळेतल्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मुंबई सरकारच्या अनुदानातून पाच वसतिगृहे उभी करण्याची योजना पुढे आली. पनवेल, ठाणे, पुणे, धारवाड ही त्यांतली चार ठिकाणे. पाचवे नाशिक. म्हणजे काळारामाच्या दारात सत्याग्रही उभे राहण्याच्या सुमारास, त्याच शहरात, सरकारी पैशातून या मुलांच्या डोक्यावर छप्पर घालण्याचे कामही चालू होते. पहिल्या घटनेवर पुस्तके लिहिली गेली, दुसरी बहुधा तळटिपेत राहिली. अनुदान पुरत नसे आणि देणग्या मागाव्या लागत. पण वसतिगृहात कोणी आजोबांचे नाव विचारत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर राज्य शासनाने हेच प्रारूप उचलले. समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांची शासकीय वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालयच नाशकात आहे. आता या साऱ्यात घरमालकाचा संबंध संपला असे वाटेल. पण तसे झाले नाही. खात्याची स्वतःची इमारत नसेल तेथे खासगी इमारत भाड्याने घेतली जाते, तिचे भाडे सार्वजनिक बांधकाम विभाग ठरवून देतो आणि मालकाशी करार होतो.

इथे एक मोठी गंमत आहे. जो मालक एका आदिवासी किंवा दलित मुलाला एक खोली देताना दहा प्रश्न विचारील, तोच मालक अशा पन्नास मुलांसाठी अख्खी इमारत द्यायला तयार असतो. मुले तीच, इमारत तीच. बदलतो तो करारावर सही करणारा. शासन भाडे उशिरा देईल, पण बुडवणार नाही, हा भरवसा असतो. एक खोली रिकामी राहिली म्हणून उत्पन्न कमी होत नाही. आणि शेजारी तक्रार करू लागला, तर ‘सरकारी वसतिगृह आहे’ एवढे उत्तर पुरते. काठ्या घेऊन आलेल्या डझनभर माणसांसमोर त्या पारशी रखवालदाराकडे असे उत्तर नव्हते.

परदेशांतला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने गृहसाहाय्याची जी पद्धत आणली, ती तिथे ‘सेक्शन एट’ या नावाने ओळखली जाते. तीत भाडेकरूने साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत वाटा भरायचा आणि उरलेली रक्कम स्थानिक गृहसंस्था थेट घरमालकाला देते. मंदी आली, भाडेकरूची नोकरी गेली, तरी हा वाटा येतच राहतो. नफ्याचे गणित मांडून असे भाडेकरू मुद्दाम शोधणारे घरमालक तिथे आहेत. त्याचबरोबर असे भाडेकरू नाकारणारेही इतके आहेत की उत्पन्नाच्या स्रोतावरून घर नाकारण्याला अनेक राज्यांना कायद्याने बंदी घालावी लागली. ब्रिटनमध्ये २००८ पासून खासगी घरांतल्या बहुतेकांचे गृहसाहाय्य मालकाऐवजी भाडेकरूच्या हाती देण्याचे धोरण आले. त्याला आपल्या पैशाचा कारभार आपण करता यावा, हा हेतू. हेतू चांगला, पण मालकांची खात्री घटली. ‘नो डीएसएस’, म्हणजे सरकारी मदतीवर जगणाऱ्यांनी चौकशी करू नये, अशा जाहिराती तिथे वर्षानुवर्षे उघडपणे छापल्या जात. असे सरसकट नाकारणे समतेच्या कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय यॉर्कच्या न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

पुन्हा पंचवटीत यायचे तर आणखी एका भीतीचा हिशेब मांडावा लागतो, आणि ती जातीची नाही.

ती आहे खोली परत न मिळण्याची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. प्रमाणभूत भाडे भरणाऱ्या भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला रस्त्यावर येऊ न देणारा हा कायदा आवश्यकच होता. पण तो तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. भाडेकरूच्या मुलाला तोच हक्क मिळे, पुढे नातवालाही. भाडे मात्र काही रुपयेच. त्या भाड्यात कौले बदलणेही परवडेना. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे खचत गेले त्यामागे हे एक मोठे कारण आहे. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक आणि भाडेकरू दोघेही हलत नाहीत, कारण हलला तो हरला.

घरमालकांनी पळवाट काढली. भाडेकरार करायचाच नाही, ‘वापराचा परवाना’ द्यायचा. हाच पुढचा ‘लिव्ह अँड लायसन्स’. त्यावर विधिमंडळाने असा घाव घातला की त्याची आठवण दोन पिढ्या टिकली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहत असलेल्या माणसाला कायद्याने एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरवले. काल पाहुणा असलेला आज कायमचा झाला. यानंतर गरीब, दूरच्या गावचा, जाण्यासाठी दुसरी जागा नसलेला माणूस दारात आला की मालकाच्या डोळ्यांसमोर त्याचे दारिद्र्य येत नसे. त्याचे न हलणे येई. गरिबाच्या संरक्षणासाठी केलेला कायदा गरिबाला दारातच अडवू लागला. कायदा वाईट होता, असे यातून सिद्ध होत नाही. जो आत होता त्याचे त्याने रक्षण केले. जो बाहेर होता त्याचा विचार कोणी केला नव्हता.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी कालबाह्य झाल्याचे सांगितले. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येऊ लागली. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले, आणि परवान्याची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी वेगळे सक्षम प्राधिकारी नेमले गेले. अकरा महिन्यांच्या करारांचे पीक आले. पंचवटीपुरते पाहिले तर याचा सर्वाधिक लाभ विद्यार्थ्याला झाला. तो परीक्षा संपली की गावी जातो. त्याच्याबरोबर कुटुंब नसते. चार वर्षांत शिक्षण संपते आणि तो खरोखरच निघून जातो. ज्याची सर्वाधिक भीती वाटे ते ‘न हलणे’ त्याच्यात नसते. के. के. वाघ अभियांत्रिकी किंवा पंचवटी महाविद्यालयाच्या परिसरात ‘कॉट बेसिस’ची पाटी लावणाऱ्या मालकाने हे नेमके ओळखलेले असते.

याच सुमारास शासनाचे धोरणही फिरले. वसतिगृहे अपुरी पडत होती आणि नव्या इमारती बांधण्याचा वेग कमी होता. २०१६-१७ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याने बाहेर राहावे, रक्कम त्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होईल. पुढे इतर मागास वर्गांसाठीही सावित्रीबाई फुले यांच्या नावाने अशीच आधार योजना आली.

योजना सुरू झाल्या तेव्हा नाशिकसारख्या महसूल विभागाच्या शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरवले गेले : भोजनासाठी २८,०००, निवासासाठी १५,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. निवासाच्या रकमेला बाराने भागले की महिन्याला १,२५० रुपये येतात. एकट्याला एवढ्यात खोली मिळत नाही. चौघे एकत्र आले तर ५,००० होतात, आणि तेव्हा कुठे मालक ऐकून घेतो. म्हणून ही मुले गटाने घर शोधतात. गट बहुधा एकाच तालुक्याचा, अनेकदा एकाच पाड्याचा असतो. आणि चार मुलांची नावे-आडनावे एकदम ऐकली की ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर न विचारताच मिळून जाते.

तरी खोल्या मिळतात, हेही खरे. आणि त्या कुठे मिळतात हे पाहण्यासारखे आहे. रामकुंडाजवळच्या जुन्या गल्ल्यांपेक्षा त्या पेठ रस्ता, दिंडोरी रस्ता, आडगाव नाका या बाजूंच्या नव्या वस्त्यांत अधिक सहज मिळतात. तिथे मालक स्वतःच कधीतरी गावाहून आलेला असतो, वाड्याच्या जुन्या भाडेकरूंची कटकट त्याच्या वाट्याला आलेली नसते, आणि घराच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. त्याला उपाध्यांची वही ठाऊक नसते. बडोद्याच्या रखवालदाराचे गणित ठाऊक असते.

मात्र त्या गणितातला मुख्य आकडा शासनाने मोकळाच सोडला आहे. अमेरिकेतल्यासारखे पैसे मालकाकडे जात नाहीत. ते विद्यार्थ्याकडे येतात, हप्त्यांनी येतात, आणि अनेकदा राहण्याचे महिने उलटून गेल्यावर येतात. या विलंबाविरुद्ध विद्यार्थी संघटनांनी वेळोवेळी निवेदने दिली आहेत. मालकाला मात्र भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि अनामत पहिल्या दिवशी हवी असते. मधले महिने बापाच्या मजुरीतून किंवा उसनवारीतून निघतात. त्यामुळे सरकारी मदत मिळणारा विद्यार्थी मालकाच्या दृष्टीने हमी असलेला भाडेकरू ठरत नाही. तो मदत न मिळणाऱ्या गरीब विद्यार्थ्यासारखाच दिसतो.

त्यात आणखी एक गाठ आहे. योजनेच्या अर्जासोबत आपण भाड्याने राहतो याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे मालकाची सही असलेला कागद हवा. नोंदणीकृत करार केला तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च येतो, उत्पन्नाची नोंद होते. अनेक मालक खोली देतात, रोख भाडे घेतात, आणि सहीचा विषय निघाला की ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात. कागद नाही म्हणून अर्ज अडतो, आणि अर्ज अडला म्हणून ज्या पैशांवर भाडे भरायचे ते पैसे येत नाहीत.